सँडबर्गांची सात भावंडं : गेल्सबर्ग आणि आसपासची स्वीडिश गावं

गुरुवार : अँडरसनव्हिल, शिकागो

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात अमेरिकन कवी कार्ल सँडबर्गची धुक्यावरची सहा ओळींची कविता आहे. मांजराच्या पावलांनी धुकं येतं, बंदर आणि शहर न्याहाळत बसतं आणि पुढे निघून जातं. माझ्या ताईनं नाशिकच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत ती कविता शिकवली. यंदा ती माझ्याकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आली तेव्हा नायगाराचा विषयसुद्धा तिनं काढला नाही. तिला इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्गला जायचं होतं, कवीच्या जन्मगावी.

निघण्यापूर्वी तिनं सँडबर्गचं १९५३ साली आलेलं आत्मचरित्र वाचून काढलं होतं, आणि त्या वाचनात तिचं लक्ष कवीवरून त्याच्या घरातल्या माणसांकडे गेलं. "अगं, सात भावंडं होती ती. आपण सातही जणांसाठी जाऊ," ती म्हणाली. वहीच्या पहिल्या पानावर तिनं नावं लिहून ठेवली होती : मेरी, कार्ल, मार्टिन म्हणजे घरातला मार्ट, एमिल, एस्थर, फ्रेड, मार्था. प्रत्येक नावाखाली चार ओळी मोकळ्या.

गेल्सबर्गच्या आधी शिकागोतली स्वीडिश वस्ती बघावी असं मी सुचवलं. अँडरसनव्हिलमध्ये आता स्वीडिश माणसं फार राहत नाहीत, पण क्लार्क स्ट्रीटवर निळ्यापिवळ्या झेंड्याच्या खुणा अजून जागोजाग दिसतात. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून जास्त स्वीडिश लोक उत्तर अमेरिकेत आले. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास असताना. जमिनीचे तुकडे पडत गेलेले, वर १८६७ पासूनची दुष्काळाची वर्षं. क्लार्क स्ट्रीटवरच्या स्वीडिश अमेरिकन संग्रहालयात त्यांनी आणलेल्या लाकडी पेट्या आहेत, वर मालकाचं नाव आणि साल रंगवलेलं. एका घराची सगळी भांडीकुंडी, कपडे आणि बायबल एका पेटीत. ताई त्या पेट्यांपाशी बराच वेळ थांबली. वरच्या मजल्यावर मुलांसाठी स्वीडनमधलं शेतघर, बोट आणि अमेरिकेतली झोपडी मांडलेली आहे. लहान मुलं बरोबर असतील तर दोन तास सहज जातात.

बाहेर पडल्यावर एका बेकरीत वेलचीचे पाव मिळाले. वेलची अगदी जाडसर कुटलेली, दाताखाली येणारी. ताईनं दोन कागदी पिशव्या भरून घेतल्या आणि त्या पुढे चांगल्याच उपयोगी पडल्या.

जाणाऱ्यांसाठी : शिकागोच्या शहरी रेल्वेच्या रेड लाइनवर बर्विन स्टेशनला उतरून पश्चिमेला दहा मिनिटं चाललं की क्लार्क स्ट्रीट येतो. गाडी आणली तर पार्किंगसाठी फिरत बसावं लागतं.

शुक्रवार : तिसऱ्या रस्त्यावरचं घर

शिकागोहून गेल्सबर्गला जाणाऱ्या सकाळच्या गाडीचं नावच 'कार्ल सँडबर्ग' आहे. ज्या माणसाचा बाप रेल्वेच्या लोहारशाळेत मदतनीस होता त्याचं नाव त्याच मार्गावरच्या गाडीला, याचा ताईला मनापासून आनंद झाला. नेपरव्हिल मागे पडलं की पुढे मेंडोटा, प्रिन्स्टन, केवानी. सप्टेंबर संपत आला होता, मका वाळून तपकिरी झाला होता आणि काही शेतांत कापणी सुरू होती. नजर जाईल तिथवर सपाट. स्वीडनमधल्या दगडगोट्यांच्या जमिनीतून आलेल्या माणसाला ही काळी, सपाट माती बघून काय वाटलं असेल, यावर आम्ही प्रिन्स्टनपर्यंत बोलत होतो.

घराचा पत्ता ३१३, ईस्ट थर्ड स्ट्रीट. स्टेशनापासून चालत जाता येतं. घर इतकं लहान आहे की रस्त्यावरून पहिल्यांदा बघताना ही बाहेरची खोली असेल आणि घर मागे असेल असं वाटतं. मागे काही नाही. तीन खोल्या, तेवढंच. ६ जानेवारी १८७८ ला इथे मक्याच्या सालपटांनी भरलेल्या गादीवर कार्ल जन्मला. मेरी त्याच्याआधीची, १८७५ ची. मुलगा झाला हे सुईणीनं स्वीडिशमध्ये सांगितलं, कारण घरात तीच भाषा होती. मुलांच्या तोंडी पहिले शब्दही तेच आले.

वडील ऑगस्ट आणि आई क्लारा, दोघंही स्वीडनमधल्या ऑस्टरयॉटलंड प्रांतातली, पण भेटली इलिनॉयमध्येच. क्लारा बुशनेल गावातल्या हॉटेलात कामाला होती. लग्न १८७४ चं. ऑगस्ट शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेच्या लोहारशाळेत घण मारायचा. रोज दहा तास, आठवड्याचे सहा दिवस, तासाला १४ सेंट. ताईनं तिथल्या तिथे गुणाकार केला : आठवड्याला ८ डॉलर ४० सेंट. त्यात पुढे सात मुलं. ऑगस्टला स्वीडिश बायबल वाचता येत होतं, लिहिता मात्र येत नव्हतं. सहीच्या जागी तो फुली मारायचा. क्लारा लिहू शकायची, आणि दारावर पुस्तकं विकणारा आला की नवऱ्याची नाराजी पत्करून मुलांसाठी एखादं पुस्तक घ्यायची. घरात एवढ्या तंगीत पुस्तकासाठी पैसे काढणारी ही बाई आमच्या दोघींच्याही मनात बसली.

घर दाखवणारे गृहस्थ सत्तरीचे, स्वतः रेल्वेतून निवृत्त झालेले. आधी त्यांनी नेहमीची माहिती सांगितली. ताईनं मेरीबद्दल विचारलं तेव्हा ते थांबले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मग तुम्हाला नावाची गोष्ट सांगायला हवी. आडनाव आधी 'सँडबर्ग' असंच, पण लिहिताना शेवटी 'बेर्ग'चं (berg) स्पेलिंग होतं. शाळेत जायला लागल्यावर मेरी, कार्ल आणि मार्ट या थोरल्या तिघांनी मिळून ते बदलून 'बर्ग' (burg) केलं. कार्लनं त्याच सुमारास स्वतःला चार्ल्स म्हणवून घ्यायला सुरुवात केली. बापाला सही करता येत नाही आणि पोरं घराण्याचं आडनाव नव्यानं लिहितायत. अमेरिकेत आलेल्या किती घरांमध्ये हे असंच झालं असेल! आईबापांनी समुद्र ओलांडला, पण या देशात नाव कसं लिहायचं ते भावंडांनी आपसांत ठरवलं.

हे घर उभं राहिलं तेही एका शिक्षिकेमुळे, हे ताईला ठाऊक नव्हतं. सँडबर्ग कुटुंब इथून फार लवकर दुसरीकडे गेलं होतं. १९४० च्या दशकात अ‍ॅडा जेंट्री जॉर्ज या गावातल्या शिक्षिकेनं जन्मघर शोधून काढलं आणि लोकांकडून पैसे जमवून ते वाचवलं. ताईनं तिचंही नाव वहीत लिहिलं, सातांच्या खाली.

मागच्या अंगणात लालसर ग्रॅनाइटचा मोठा धोंडा आहे, 'रिमेम्ब्रन्स रॉक'. १९६७ साली कार्ल गेला तेव्हा त्याच्या अस्थी इथे आणून ठेवल्या, दहा वर्षांनी पत्नी लिलियन गेली तेव्हा तिच्याही. लिलियन म्हणजे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकनची बहीण. ते दोघं लक्झेंबर्गहून आलेल्या घरातली भावंडं. स्टायकननं 'फॅमिली ऑफ मॅन' हे जगभरातल्या माणसांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन मांडलं, त्याची प्रस्तावना कार्लनं लिहिली. ते प्रदर्शन १९५६ साली मुंबईलाही आलं होतं. धोंड्याकडे जाणाऱ्या वाटेतल्या फरश्यांवर कार्लच्या ओळी कोरल्या आहेत. त्या वाचत वाचत चालावं, घाई करू नये.

संध्याकाळी सेमिनरी स्ट्रीटवर जेवलो. जुन्या विटांच्या इमारतींमधली ही छोटी बाजारपेठ फार छान जपली आहे. शाकाहारी माणसाची इथे अडचण होत नाही. ताईला टोमॅटोचं सूप, भाजलेली भाजी आणि पाव मिळाला. जेवताना कळलं की जत्रेतला मोठा आकाशपाळणा बनवणारा जॉर्ज फेरिसही याच गावचा, १८५९ चा जन्म. त्याचा पहिला पाळणा १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फिरला.

जाणाऱ्यांसाठी : जन्मघर आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून दिवस आणि वेळ पक्की करा. रुळांना लागूनच वस्ती असल्यानं रात्रभर मालगाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात. झोप हलकी असेल तर हॉटेल गावाच्या दुसऱ्या टोकाला घ्या.

शनिवार : दुधाची वाट, मेरीची पुस्तकं आणि दोन लहान भाऊ

सकाळपासून भुरभुर पाऊस. छत्र्या घेऊन ईस्ट बेरियन स्ट्रीटवर गेलो. सँडबर्गांचं मोठं घर या रस्त्यावर होतं, दहा खोल्यांचं. खोल्या भाड्यानं देऊन घराचा हप्ता भागायचा. इथे मुलं वाढली, आणि पुस्तकातल्या बहुतेक आठवणी इथल्याच आहेत.

मेरीची गोष्ट मला इथे नीट कळली, ताईनं चालता चालता सांगितली म्हणून. एका पगारात एकच मूल हायस्कूलला जाऊ शकत होतं. थोरली म्हणून मेरी गेली. कार्लनं १८९१ साली आठवीनंतर शाळा सोडली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. मेरी घरी आणायची ती पुस्तकं तो रात्री वाचायचा : वॉशिंग्टन अर्व्हिंग, हॉथॉर्न, वॉल्टर स्कॉट, नागरिकशास्त्र. म्हणजे हायस्कूलचं शिक्षण त्यानं बहिणीच्या दप्तरातून घेतलं. पुढे तीन पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या, लिंकनचं अनेक खंडी चरित्र लिहिणाऱ्या माणसाचं. ताई म्हणाली, "माझ्या वर्गात अशा कितीतरी मेरी होत्या, ज्यांची वही घरी धाकटा भाऊ वाचायचा." तिच्या शाळेतली उदाहरणं ती सांगत राहिली, आणि पाऊस वाढला तरी आम्ही कुठे आडोशाला थांबलो नाही.

शाळा सुटल्यावर कार्ल दुधाच्या गाडीवर कामाला लागला. घरोघर दूध घालायची ती वाट नॉक्स कॉलेजच्या जुन्या इमारतीवरून जायची. ओल्ड मेन ही ती इमारत अजून उभी आहे. ७ ऑक्टोबर १८५८ ला इथे लिंकन आणि त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी डग्लस यांचा गुलामगिरीवरचा जाहीर वादविवाद झाला. त्या दिवशी बोचरा वारा होता म्हणून मंच इमारतीच्या आडोशाला बांधला होता आणि वक्त्यांना खिडकीतून चढून मंचावर यावं लागलं. भिंतीवर लिंकनच्या त्या दिवशीच्या भाषणातले शब्द धातूच्या पाटीवर आहेत, आणि दूध घालणारा पोरगा थंडीच्या अंधाऱ्या सकाळी ते वाचत जायचा. आम्ही भिजत उभं राहून ती पाटी वाचली. कॉलेजातली एक मुलगी जाता जाता थांबली आणि आतून जुनी खिडकी बघायची असेल तर चला म्हणाली. शनिवारी आत कुणीतरी असेलच याचा भरवसा नाही. आम्हाला ती भेटली हे आमचं नशीब.

दुपारी लिनवुड कब्रस्तान. गावाबाहेर, उतारावर, जुनी मोठी झाडं. सँडबर्गांची जागा इथे आहे.

१८९२ चा ऑक्टोबर. घरात घसे दुखायला लागले. थोरल्या कार्ल आणि मार्टला दोनचार दिवसांत बरं वाटलं. सात वर्षांचा एमिल आणि दोन वर्षांचा फ्रेड मात्र उठले नाहीत. डॉक्टर आले, घसा बघून म्हणाले, घटसर्प. एकाच दिवशी, अर्ध्या तासाच्या अंतरानं दोघं गेले. आधी एक, आणि त्याच्यापाशी रडणं चालू असतानाच दुसरा.

ज्या घटसर्पावर आपल्याकडे बाळाला दीड महिन्याचं असतानाच लस टोचतात तो हा आजार. बेरिंग आणि किटासातो यांनी बर्लिनमध्ये घटसर्पावरच्या प्रतिविषाचं काम १८९० साली प्रसिद्ध केलं होतं. ते औषध डॉक्टरांच्या हातात सर्रास पडायला १८९४-९५ उजाडलं. दोनतीन वर्षांचं अंतर. शोध लागला होता, युरोपात त्यावर काम चालू होतं, आणि इलिनॉयमधल्या लोहाराच्या घरी तो पोचायचा होता. हे वाक्य लिहिताना आताही मला राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही, पण येतो. ताईला एका मुलाची आठवण झाली, आमच्याच आजोळच्या घरातल्या, आणि तिनं तिथे उभं राहून त्याचं नाव घेतलं. आमच्या घरात ते नाव सहसा कुणी घेत नाही.

दोन पेट्या, डॉक्टर, दफनाचा खर्च. घरावर कर्ज चढलं. त्याच काळात घराच्या जुन्या गहाणखताचं लचांडही ऑगस्टच्या गळ्यात पडलं होतं. वर १८९३ साली देशभर मंदी आली आणि रेल्वेनं कामाचे तास कापले. कार्ल न्हाव्याच्या दुकानात बूट पुसायला लागला, मिळेल ते काम केलं. अशा वर्षात मार्था जन्मली, सातवी आणि शेवटची. दोघं गेल्यानंतरच्या घरात आलेलं बाळ. ताईनं तिच्या नावाखाली तेवढंच लिहिलं.

कार्ल १८९७ साली मालगाड्यांवर लपूनछपून पश्चिमेला फिरून आला, १८९८ साली सैन्यात भरती होऊन पोर्तो रिकोला गेला, परत आल्यावर गावातल्याच लोंबार्ड कॉलेजात शिकला. राहायला अग्निशामक दलाच्या ठाण्यावर, कारण रात्री घंटा वाजली की धावण्याच्या बोलीवर खर्च भागायचा. पदवी न घेताच १९०२ साली बाहेर पडला. लोंबार्ड १९३० मध्ये बंद झालं, आता त्या जागी शाळा आहे. वर्षानुवर्षं घराबाहेर भटकत असताना तो पत्रं लिहायचा, आणि त्यातली कितीतरी मेरीला.

जाणाऱ्यांसाठी : लिनवुडला जाताना पावसाळी बूट घाला, गवत फार ओलं असतं. कब्रस्तान मोठं आहे. आधी गावातल्या पर्यटन कार्यालयात नकाशा मागून घ्या.

रविवार : बिशप हिल

पाऊस थांबला, वारा सुटला, आभाळ धुतल्यासारखं. भाड्याच्या गाडीनं ईशान्येला निघालो. तासाभराच्या आतच बिशप हिल येतं.

गेल्सबर्गच्या परिसरात स्वीडिश माणसं इतकी का, याचं उत्तर या गावात आहे. एरिक यान्सन नावाच्या उपदेशकाच्या मागे हेलसिंगलंड आणि आसपासच्या भागातले लोक स्वीडनच्या सरकारी चर्चशी फारकत घेऊन १८४६ साली इथे आले. शिकागोपासून शेकडो लोक चालत. पहिला हिवाळा ओढ्याच्या काठच्या मातीत खणलेल्या बिळांसारख्या खोल्यांमध्ये काढला, आणि त्या हिवाळ्यात शंभराच्या आसपास माणसं मेली. सगळी मालमत्ता सामाईक, जेवण एकत्र. १८५० मध्ये यान्सनचा केंब्रिज गावच्या कोर्टात गोळी घालून खून झाला. मारणारा जॉन रूट. त्याची बायको यान्सनची चुलतबहीण होती, तिला वसाहतीतून बाहेर न्यायचं की नाही यावरून भांडण पेटलं होतं. १८६१ पर्यंत वसाहत मोडली, जमिनी वाटल्या गेल्या, पण इथून स्वीडनला गेलेल्या पत्रांनी मागून हजारोंना बोलावून आणलं. कुणाचा भाऊ आला, मग बहीण, मग मामेभाऊ.

१८४८ चं वसाहतीचं चर्च आत जाऊन बघता येतं. वर प्रार्थनेची जागा, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या. खाली छोट्या खोल्या, एका खोलीत एक कुटुंब. ताई एका खोलीत उभी राहिली, हात पसरून माप घेतलं, आणि चार मुलं कशी झोपत असतील ते मला दाखवलं.

संग्रहालयात ओलोफ क्रान्सची चित्रं आहेत आणि त्यांच्यासाठी सकाळ राखून ठेवा. क्रान्स बारा वर्षांचा असताना १८५० साली आईवडिलांबरोबर इथे आला. मोठेपणी रंगारी झाला, घरं रंगवायचा. साठीच्या आसपास त्यानं लहानपणीची वसाहत आठवून आठवून रंगवली. एका चित्रात बायकांची लांब रांग मका पेरतेय, पुढे ताणलेल्या दोरीच्या खुणांवर काठ्यांनी भोकं पाडत, सगळ्यांचे कपडे सारखे. कुणाचा चेहरा वेगळा दिसत नाही. त्याच्या शेजारीच गावच्या म्हाताऱ्या माणसांची व्यक्तिचित्रं, आणि त्यात मात्र एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. या दोन प्रकारच्या चित्रांमध्ये मी बराच वेळ ये-जा करत होते.

गावात सुगीचा उत्सव होता. एका आजोबांनी आम्हाला झाडू बांधून दाखवला. वसाहत या झाडूंवर पैसे कमवायची, त्यासाठीचं ज्वारीच्या जातीचं पीक इथे शेतात लावलेलं असतं. ताईनं ते कणीस हातात घेतलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली ज्वारीच!" आजोबांना तिनं भाकरीबद्दल सांगितलं, त्यांनी तिला काकवी उकळताना दाखवली. दोघांनी एकमेकांचे पत्ते घेतले.

जेवणात बटाटे, काकडीचं गोडसर लोणचं, राईचा काळसर पाव, चीज आणि लिंगनबेरीचा आंबटगोड मुरंबा. आणि ऊस्तकाका : दूध नासवून, अंडी घालून भाजलेला गोड पदार्थ, तोंडात टाकल्यावर थेट आपला खरवस. अंडी चालत नसतील तर आधीच विचारून घ्या. वाटाण्याच्या पिवळ्या सूपातही डुकराचं मांस असतं, नावावर जाऊ नका.

सोमवार : अँडोव्हर आणि रॉक आयलंड

अँडोव्हर हे वाटेतलं छोटं गाव. इथलं जेनी लिंड चॅपल बघायला दहा मिनिटं पुरतात, पण चुकवू नका. स्वीडनची गायिका जेनी लिंड १८५० साली अमेरिकेत कार्यक्रम करत होती, तिनं या चर्चसाठी दीड हजार डॉलर दिले. इमारतीवर मनोरा नाही. मनोऱ्यासाठीचं लाकूड पटकीनं मेलेल्यांच्या शवपेट्यांसाठी वापरावं लागलं. मनोरा पुढेही कधी बांधला गेला नाही.

तिथून मिसिसिपीच्या काठावर रॉक आयलंड. ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन केंद्र आहे, स्वीडिश स्थलांतरितांच्या नोंदींचं. अमेरिकेतल्या स्वीडिश चर्चच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) इथे वाचता येतात. ज्यांना कुणाचंही घराणं शोधायचं असेल त्यांच्यासाठी इथे काय शिकायला मिळालं ते सविस्तर सांगते, कारण आम्हाला याची सर्वांत जास्त मदत झाली.

स्वीडनमध्ये पाद्री घरोघर जाऊन प्रत्येकाचं वाचन आणि धर्मज्ञान तपासायचा आणि कुटुंबवार वही ठेवायचा. अमेरिकेतल्या स्वीडिश चर्चनीही तीच सवय चालू ठेवली. एका पानावर एक घर : आईबाप, मग मुलं वयाच्या क्रमानं, जन्मतारीख, जन्मगाव, कुठून आले, कुठे गेले, कधी वारले. मोठं झालेलं मूल दुसऱ्या गावी गेलं की त्या गावाचं नाव तिथेच, म्हणजे पुढची वही कुठली काढायची ते कळतं. अडचण आडनावांची. जुन्या पद्धतीत मुलगा बापाच्या नावाला 'सोन' जोडायचा आणि मुलगी 'दोत्तर', म्हणजे अँडर्सचे मुलगे अँडर्सन आणि मुली अँडर्सदोत्तर. सख्खे भाऊबहीण असून कागदावर आडनाव निराळं. अमेरिकेत आल्यावर प्रत्येकानं आपापलं नवं घेतलं तर दोन भावांचंही जुळत नाही. म्हणून आडनावावरून शोधू नका, जन्मतारीख आणि जन्मगावावरून शोधा.

मुलींची लग्नं झाली की त्या हातातून निसटतात, असं ताई तिथल्या बाईंना म्हणाली. तिच्या वहीत एस्थर आणि मार्थाखालच्या ओळी अजून जवळजवळ कोऱ्या होत्या. बाईंनी एक बाप्तिस्म्याची वही लावून दिली. बाळाच्या नावासमोर साक्षीदारांची नावं असतात. साक्षीदार बहुतेक वेळा आईबापाची भावंडं, आणि लग्न झालेली बहीण तिथे नवऱ्याबरोबर, नव्या आडनावानं सापडते. एका अनोळखी घराच्या वहीत आम्ही हे करून पाहिलं. लग्नानंतर गायब झालेली एक बहीण चार वर्षांनी भावाच्या बाळाची साक्षीदार म्हणून शेजारच्या गावात मिळाली. ताईनं टेबलावर हात आपटला, मग आजूबाजूला बघून माफी मागितली. बाई हसल्या आणि पुढची फीत आणायला उठल्या.

केंद्रात जाण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि कोणत्या गावचं काय शोधताय ते आधी लिहून पाठवलं तर ते साहित्य काढून ठेवतात. रॉक आयलंडहून शिकागोला प्रवासी रेल्वे नाही, गाडीनं तीन तास धरा. ताईचं परतीचं विमान पंधरा दिवसांनी आहे. तिनं गेल्सबर्गच्या स्वीडिश चर्चच्या वह्यांसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे, आणि यावेळी ती एकटी जाणार म्हणते, कारण मला ऑफिस आहे.